तेव्हा तो किती वर्षांचा असेल?

डेन्व्हरच्या स्टेडियमबाहेर, गाडीच्या प्लॅटफॉर्मवर आम्ही खेटून उभे होतो. 6 जून 2021, रविवार, रात्र बरीच झालेली. उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या देशांच्या फुटबॉल नेशन्स लीगच्या फायनलमध्ये अमेरिकेनं मेक्सिकोला 3-2 असं हरवलं होतं, आणि माझा 11 वर्षांचा मुलगा ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात बोटांवर हिशेब करत होता. "पुलिसिक सत्तावीस. मॅकेनी सत्तावीस. अ‍ॅडम्सपण सत्तावीस. डेस्ट पंचवीस. आई, रेना तर फक्त तेवीसचा असेल!" हिशेब 2026चा होता. वर्ल्ड कप घरच्या अंगणात येणार, आणि तेव्हा आजची ही सगळी पोरं ऐन भरात असणार. आमच्या पुढे हिरव्या जर्सीतला एक माणूस उभा होता. खांद्यावर त्याची लहान मुलगी झोपली होती, तिच्या गालावरचा तिरंगी रंग त्याच्या मानेला लागला होता. इंग्रजी आकडे त्याच्या कानावर पडतच होते. तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. मुलाकडे बघून तो म्हणाला, "याचंही वय आम्ही असंच मोजलं होतं," आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं त्यानं स्वतःच्या पाठीकडे खूण केली. धुऊन धुऊन विटलेल्या अक्षरांत तिथे लिहिलं होतं: ग्वार्दादो, 18. गाडी आली, गर्दीनं आम्हाला एका डब्यात लोटलं, त्याला दुसऱ्या.

आंद्रेस ग्वार्दादो. थोड्याच वेळापूर्वी, जादा वेळेच्या अगदी शेवटी, ज्याची पेनल्टी अडवली गेली आणि ज्यामुळे आम्ही जिंकलो, तोच.

घरी पोचेपर्यंत मुलगा झोपला. मी मात्र जागी राहिले. सामना डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि ते वाक्यही. जिंकल्याच्या आनंदात त्यानं काही उणं झालं असं नाही. पण नखाशी काहीतरी सलत राहावं आणि दिसू नये, तसं ते पुढे कितीतरी दिवस राहिलं.

त्या रात्रीबद्दल आधी सांगायला हवं, कारण कोविडनंतर इतक्या माणसांत मी पहिल्यांदाच उभी होते. सव्वा वर्ष माणसांपासून सहा फूट लांब राहिल्यावर अचानक अनोळखी लोकांचे खांदे, घाम, बिअरचा वास आणि छातीत घुमणारे ढोल. आणि अवतीभवती हिरवा रंग. अमेरिकेतच खेळायचं, आणि तरी निम्म्याहून जास्त प्रेक्षक समोरच्यांचे, हे या लढतीत नेहमीचंच. दुसरं मिनिट लागतं न लागतं तोच मार्क मॅकेंझीचा पास चुकला आणि मेक्सिकोच्या हेसूस कोरोनानं गोल केला. तो आवाज कानावर आला नाही, बाकड्याच्या पत्र्यातून पायांत चढला. मुलानं माझा हात घट्ट धरला. मग कॉर्नरवरून मॅकेनीचं हेडर खांबाला लागून परतलं आणि रेनानं ते आत ढकललं. उत्तरार्धात गोलकीपर स्टेफन जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आला ईथन होर्व्हाथ, जो इथून जवळच, हायलँड्स रँचमध्ये वाढलेला. लाइनेसनं मेक्सिकोला पुन्हा पुढे नेलं आणि अवघ्या तीन मिनिटांत मॅकेनीनं पुन्हा हेडरनंच बरोबरी केली. 114व्या मिनिटाला पुलिसिकनं स्वतः मिळवलेली पेनल्टी जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मारली. तेव्हा वरून बाटल्या आणि पेले आले, त्यातलं काहीतरी रेनाच्या डोक्याला लागलं आणि तो खाली कोसळला. 18 वर्षांचं पोर. माझ्यातल्या प्रेक्षकाची त्या क्षणी पुरती आई झाली. मग मॅकेंझीच्या हाताला चेंडू लागला, रेफ्री पडद्याकडे धावले, आणि ग्वार्दादो चेंडू ठेवून दोन पावलं मागे सरकला. होर्व्हाथनं झेप घेऊन तो अडवला. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे.

हे सगळं घडवणारी मुलं 18, 22, 25 वर्षांची होती. त्या वयांच्या मागे काय होतं हे समजायला 2017च्या ऑक्टोबरात जावं लागतं. त्रिनिदादमधल्या कोउवाच्या मैदानावर वर्ल्ड कपला पोचायला बरोबरी पुरेशी होती, आणि अमेरिका 2-1 अशी हरली. 1990पासून एकही वर्ल्ड कप न चुकवलेला संघ 2018ला घरी बसला. त्या सामन्यात अमेरिकेचा एकमेव गोल पुलिसिकचा. तेव्हा तो 19 वर्षांचा होता. सामना संपल्यावर गवतावर बसलेल्या त्या मुलाचा चेहरा मी विसरलेले नाही. हॉवर्ड, डेम्प्सी, सगळी पिढी त्या एका रात्रीत संपल्यासारखी झाली. पुढचा वर्ल्ड कप पाच वर्षांवर. मोजायला गुण नाहीत, गोल नाहीत, सामनेसुद्धा मैत्रीपूर्णच. तेव्हापासून इथल्या चाहत्यांनी वयं मोजायला घेतली. महिन्याभरानं पोर्तुगालमध्ये एक सामना झाला, 1-1 असा सुटला. फारसा कुणी पाहिलाही नसेल. पण त्यात मॅकेनी आणि अ‍ॅडम्स दोघेही पहिल्यांदा देशासाठी खेळले, आणि मॅकेनीनं पदार्पणातच गोल केला. त्याच सामन्यात एक साधा क्रॉस गोलकीपरच्या हातांतून निसटून पायांमधून आत गेला. तो गोलकीपर होर्व्हाथ होता. डेन्व्हरच्या त्या झेपेमागे मला ती चार वर्षंही दिसली. मग जर्मनीत, हॉलंडमध्ये, इंग्लंडमध्ये कोण कुठे खेळतोय हे लोक शनिवारी पहाटे उठून पाहू लागले. डेन्व्हरच्या फायनलच्या आठवडाभर आधीच पुलिसिकच्या चेल्सीनं चॅम्पियन्स लीग जिंकली होती. तरुण संघाबद्दलची आशा अशी कणाकणानं, दुसऱ्यांच्या मैदानांवर जमत गेली होती. तिला स्वतःचं म्हणून एखादं मोठं यश हवं होतं, आणि ते मेक्सिकोसमोरच मिळायला हवं होतं.

मेक्सिकोच का? कारण बाकी कुणाला हरवून इथे कुणाची छाती भरून येत नाही. ही लढत शेजाऱ्यांची आहे. मेक्सिको सिटीत अमेरिकेनं पहिल्यांदा सामना जिंकला तो 2012 साली. त्याआधी तिथल्या अझ्टेका स्टेडियमची ती उंची, तो धूर आणि तो गोंगाट यांच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू गळून जायचे. उलट 2002च्या वर्ल्ड कपमध्ये चॉन्जूला अमेरिकेनं त्यांना 2-0 असं हरवून घरी पाठवलं, आणि तो आकडा कोलंबसच्या मैदानावर इतक्या वेळा परत आला की इथले चाहते आजही तोच स्पॅनिशमध्ये गातात. अशा लढतीत मुलगा घाबरतो की नाही, हे दिसतं. अठराव्या वर्षी डोक्याला लागल्यावरही तो उठून उभा राहतो का, पहिल्या मिनिटात चूक करणारा पुढचे दोन तास मैदानावर टिकतो का, हे दिसतं. विजयानंतर आम्ही सगळे जे भरभरून बोलत होतो, ते याच्या जोरावर. ते खोटं नव्हतं. फक्त मेक्सिकोपुढे न घाबरणं आणि डच बचावफळीतून वाट काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अशा रात्री त्या एकच वाटतात.

पण ती जर्सी.

काही दिवसांनी मी 2011च्या गोल्ड कपच्या, म्हणजे याच देशांच्या दुसऱ्या स्पर्धेच्या, फायनलची चित्रफीत शोधून पाहिली. पॅसाडिनाचं रोझ बोल, 25 जून. जवळपास सगळं स्टेडियम हिरवं. अमेरिका 2-0 अशी पुढे. मग बारेरा, मग ग्वार्दादो, मग पुन्हा बारेरा, आणि 76व्या मिनिटाला जियोव्हानी दोस सांतोसचा तो गोल: बचावपटूंच्या गराड्यात, बाहेर धावून आलेल्या गोलकीपर हॉवर्डला चकवत मागे सरकत, मग सगळ्यांच्या डोक्यावरून वरच्या कोपऱ्यात सोडलेला चेंडू. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. मेक्सिको 4, अमेरिका 2. ग्वार्दादो तेव्हा 24चा, दोस सांतोस 22चा, चिचारितो 23चा. त्याआधी 2005 साली पेरूमध्ये मेक्सिकोच्या पोरांनी सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप जिंकला होता, फायनलमध्ये ब्राझीलला 3-0 असं हरवून, आणि दोस सांतोस त्याच संघातला. रोझ बोलनंतर पुढच्याच वर्षी त्यांना लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं, तेही ब्राझीललाच हरवून. आता सांगा, त्या हिरव्या गर्दीतल्या बापानं बोटांवर 2014 आणि 2018चा हिशेब केला असेल, तर त्यात वावगं काय होतं? आमच्यापेक्षा त्याच्याकडे कितीतरी जास्त पुरावा होता.

आणि पुढे झालं काय? 2014च्या पात्रता फेरीत मेक्सिको इतकं घसरलं की ऑक्टोबर 2013मध्ये शेवटच्या रात्री त्यांचं सगळं भवितव्य पनामा-अमेरिका सामन्यावर लटकलं. पनामा 2-1 असं पुढे होतं, वेळ संपली होती. मग भरपाईच्या वेळेत अमेरिकेच्या झुसी आणि योहानसननं दोन गोल केले आणि मेक्सिकोला प्लेऑफचं दार उघडलं. शेजाऱ्याच्या त्या दोन गोलांवर ते ब्राझीलला पोचले. तिथे शेवटच्या सोळांत नेदरलँड्सकडून हरले. 1994 ते 2018, सलग सात वर्ल्ड कप, मेक्सिको त्याच एका पायरीवर थांबलं. 'पाचवा सामना', म्हणजे त्या पायरीच्या पुढचा, हे तिथलं राष्ट्रीय स्वप्न आहे, आणि ग्वार्दादोनं ते चार वेळा हातातून निसटताना पाहिलं. 2006ला लाइपझिगमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध उतरला तेव्हा तो फक्त 19 वर्षांचा होता. डेन्व्हरला पेनल्टी मारायला चेंडू त्याच्याकडे दिला गेला, कारण संघातला जुना, जाणता, विश्वासाचा माणूस तोच होता. 34 वर्षांचा.

त्या जुन्या चित्रफितीत मला अमेरिकेच्या बाजूलाही कुणीतरी दिसलं. फ्रेडी अडू. चौदाव्या वर्षी व्यावसायिक लीगमध्ये उतरलेला, सगळ्या देशानं ज्याच्या वयाची मोजणी तोंडपाठ केली होती तो मुलगा. रोझ बोलला तो 22 वर्षांचा होता, छान खेळला, डावा पाय चेंडूवर अलगद फिरत होता. त्यानंतर तो अमेरिकेच्या संघात दिसलाच नाही.

मी हे मुलाला सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंच नाही, आणि त्याबद्दल मला आजही शंका नाही. त्यानं हिशेबाच्या वहीचं एक पान फाडून, संघाची रचना काढून, प्रत्येक नावापुढे पेन्सिलनं वय लिहून ते फ्रिजवर लावलं होतं. बचावात एक जागा रिकामी होती. ऑगस्टमध्ये लास व्हेगासला गोल्ड कपची फायनल झाली, पुन्हा मेक्सिकोशीच. पुलिसिक, मॅकेनी, रेना कुणीच नव्हतं, ते सगळे क्लबांकडे परतले होते, आणि तरीही 117व्या मिनिटाला अकोस्टाच्या फ्री किकवर माइल्स रॉबिन्सननं उंच उडी मारून हेडर मारला. 1-0. मुलानं रिकाम्या जागेत मोठ्या अक्षरांत रॉबिन्सन लिहिलं, वय 29. नोव्हेंबरात सिनसिनाटीला पुलिसिक बदली म्हणून आला, आल्या आल्या गोल केला आणि जर्सी वर करून आतल्या बनियनवर लिहिलेलं दाखवलं. तिसरा विजय, आकडा पुन्हा 2-0. एका वर्षात तीनदा मेक्सिकोला हरवलं म्हटल्यावर कुठल्या मुलाला 2026 लांब वाटेल?

मला मात्र वाटत होतं. म्हणजे, ते लांबच राहावं असं वाटत होतं. हे मला एका सकाळी फ्रिजमधून दूध काढताना कळलं. कागदाच्या खाली कोपऱ्यात त्यानं स्वतःचंही नाव लिहिलं होतं, बारीक अक्षरांत, आणि पुढे 16. बाकी सगळ्यांची वयं वाचताना मी खूश होत होते, रेना 23, मुसा 23, किती छान. आणि हा एक आकडा वाचून हात थबकला. सोळा म्हणजे गाडी चालवायला शिकणार. सोळा म्हणजे अजून दोन वर्षांत कॉलेज, दुसरं राज्य, दुसरी खोली. तरुण संघावर प्रेम करणाऱ्याला पाच वर्षं भर्रकन जावीशी वाटतात. आणि त्याच घरात, त्याच सोफ्यावर, त्या पाच वर्षांतला प्रत्येक शनिवार मला सावकाश हवा होता: सकाळचं दंवानं ओलं मैदान, बुटांना चिकटलेलं गवत, गाडीच्या मागच्या सीटवर वास मारणारे मोजे. प्लॅटफॉर्मवरच्या त्या बापाच्या खांद्यावरही एक मुलगी झोपली होती. 2011ला ती जन्मलीही नसेल. त्यानं ग्वार्दादोचं वय मोजायला सुरुवात केली तेव्हा तो स्वतः कदाचित कुणाचा बाप नव्हता. तो फक्त ग्वार्दादोबद्दल बोलत होता असं मला नंतर वाटेनासं झालं.

मोजणीत काय सुटतं तेही हळूहळू दिसत गेलं. मे 2022मध्ये, वर्ल्ड कपला काही महिने उरले असताना, रॉबिन्सनच्या टाचेमागची शीर तुटली. फ्रिजवरचं सर्वांत ठळक नाव कतारला गेलंच नाही. रेना दुखापतींतून उठला, पुन्हा पडला, आणि कतारमध्ये बहुतेक वेळ बाकावर बसून राहिला. संघ वाईट खेळला नाही. कर्णधार अ‍ॅडम्स 23 वर्षांचा, त्या स्पर्धेतला सर्वांत तरुण कर्णधार. इंग्लंडला त्यांनी गोल करू दिला नाही, इराणविरुद्ध पुलिसिकनं स्वतःला गोलकीपरवर झोकून देत गोल केला. मग 3 डिसेंबरला नेदरलँड्सनं 3-1 असं हरवलं. तिन्ही गोल थंड डोक्यानं, मोकळ्या सोडलेल्या माणसानं केलेले. हरल्यावर सगळीकडे एकच गोष्ट बोलली गेली: पोरं लहान आहेत, शिकतील. मुलगाही तेच म्हणाला, डोळे पुसत. 2024ला कोपा अमेरिका घरच्या मैदानांवर होती. आमच्या विआला अठराव्या मिनिटाला लाल कार्ड, पनामाकडून हार, मग उरुग्वेकडून हार, गटातूनच बाहेर. या वेळी 'लहान आहेत' असं कुणी म्हणालं नाही. पुलिसिक 25 पूर्ण केलेला होता. संघाचं तरुणपण कधी संपलं ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ते संपतानाचा असा एखादा सामना नसतो, ज्याच्या तारखेवर बोट ठेवता येईल.

मला विचाराल तर त्या डेन्व्हरच्या विजयाला पुढच्या पाच वर्षांच्या तागडीत घालणं मला अन्यायाचं वाटतं. इथले बरेच चाहते आज तसं करतात. म्हणतात, त्या तीन विजयांनी आपल्याला फसवलं. मला ते पटत नाही. होर्व्हाथच्या त्या झेपेनं कुणालाच काही कबूल केलं नव्हतं. पोर्तुगालमध्ये पायांतून चेंडू सोडलेल्या माणसानं, आपल्या गावाजवळच्या मैदानावर, पाहुण्यांच्या गोंगाटात चेंडू अडवला. ते तिथेच पूर्ण झालं. त्यावरून आम्ही जी आशा उभी केली ती आमची होती, आणि ती उभी करताना आम्ही जितके सुखात होतो तितके नंतर कुठल्या सामन्यात होतो, मला आठवत नाही. आशा खरी ठरली नाही म्हणून ती केलेले दिवस परत करायचे नसतात. त्या दिवसांत माझा मुलगा पायांनी चेंडू उडवत स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात जायचा आणि स्वतःच स्वतःची कॉमेंट्री करायचा.

6 जुलै 2025ला ह्यूस्टनमध्ये पुन्हा गोल्ड कपची फायनल होती, पुन्हा मेक्सिको. पुलिसिक, मॅकेनी, विआ, मुसा त्या उन्हाळ्यात संघात नव्हते. लुना, फ्रीमन, टिलमन अशी नवी नावं. मुलाबरोबर त्याच्या शाळेच्या संघातला मित्र आला होता, आजोबांच्या वेळेपासून मेक्सिकोचा. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना. चौथ्या मिनिटाला ख्रिस रिचर्ड्सच्या हेडरवर आमच्या टोकाची उशी छताला लागली. मग हिमेनेसनं बरोबरी केली आणि क्लबमधला जुना, दिवंगत सहकारी जोटाची आठवण केली. तेव्हा दोघंही गप्प होते. 77व्या मिनिटाला अल्वारेसनं हेडर मारला. मेक्सिको 2-1.

त्यांच्या मधल्या फळीत एक मुलगा होता, गिल्बेर्तो मोरा. 16 वर्षांचा. फायनलमध्ये सुरुवातीपासून खेळला, आणि एकदाही चेंडू पायाशी असताना त्यानं घाईनं इकडेतिकडे पाहिलं नाही. शिट्टी वाजल्यावर मित्र उठला, हात वर करून खोलीभर धावला, मग धापा टाकत म्हणाला, "2030ला मोरा एकवीसचा असेल!" मुलगा 15चा, आमच्या घरातलं वयाचं सगळं गणित पाठ असलेला. मला वाटलं आता हा बोलणार: अडू, दोस सांतोस, ग्वार्दादो, रॉबिन्सन, सगळं एव्हाना त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. तो म्हणाला, "आणि लुना सव्वीसचा. बघू." मग दोघांचं जुंपलं. लुना चांगला की मोरा, फ्रीमन पुढे उजवीकडे टिकेल का, 2030च्या संघात गोलकीपर कोण. मित्राची आई न्यायला आली तेव्हा ते अंगणात उभे राहून भांडत होते, चेंडू मध्ये ठेवून. तिनं दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी ती आणि मीही दारात उभ्या राहून त्यात पडलो. तिचं म्हणणं, मोराला इतक्यात युरोपला पाठवू नये. मला ते बरोबर वाटलं, आणि मी तिला तसं सांगितलंही.